साब ९०० टर्बो, १९९०: जावईबापूंच्या खुळाची तपासणी

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण परीक्षण वाचताना शेवटपर्यंत खाली सरकत जायचा मलाही कंटाळा येतो. गाडी घेण्यासारखी आहे, पण घरातली एकुलती एक गाडी म्हणून नाही. आता कारणं.

मी चिंचवडला टूलरूममध्ये फोरमन होतो. निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्यात मुलीकडे स्वीडनमध्ये गोथेनबर्गला येतो. जावई आयटीतले. हाताला कधी ग्रीस लागलेलं नाही, पण यंदा त्यांच्या डोक्यात जुनी साब शिरली. एका सद्गृहस्थांकडे तीन दरवाज्यांची, काळी, गिअरवाली ९०० टर्बो विकायला होती. ‘बाबा, तुम्ही एकदा बघून द्या,’ म्हणाले. जावयानं सासऱ्याचं मत मागणं हा योग तसा दुर्मीळच. मी टॉर्च, लोहचुंबक आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन निघालो. लोहचुंबक अशासाठी, की रंगाखाली पुट्टी भरली असेल तिथे तो धरत नाही.

आपल्याकडे साब म्हटलं की लोकांना ग्रिपेन हे लढाऊ विमान आठवतं. घराणं तेच. १९३७ साली स्वीडनमधल्याच ट्रोलहेत्तानला विमानं बनवायला ही कंपनी निघाली. महायुद्ध संपताना विमानांची मागणी घटणार हे दिसत होतं, म्हणून गाडी करायचं ठरलं. गुन्नार युंगस्ट्रोमच्या हाताखाली सोळा जणांची तुकडी बसली. त्यातल्या दोघांकडेच गाडी चालवायचं लायसन होतं असं सांगतात. आकार काढला सिक्स्टेन सासोननं. पहिल्या नमुन्याचा पत्रा घोड्याच्या लिदीच्या थरावर ठोकून वळवला, असंही सांगतात. खरं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. डाय नसताना गोलाई काढायला खाली काहीतरी मऊ, दबणारं लागतंच. हा नमुना म्हणजे ‘उरसाब’, ट्रोलहेत्तानच्या संग्रहालयात आहे. समोरून माशासारखा, चाकं जवळजवळ झाकलेली. वारा कापण्यात तो आजच्या पुष्कळ गाड्यांना लाजवेल.

१९४९ च्या अखेरीस विक्रीची गाडी आली, साब ९२. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ७६४ सीसी, २५ अश्वशक्ती. सुरुवातीला एकच रंग, हिरवा. आणि डिकीला दारच नव्हतं! सामान मागच्या सीटवरून आत ढकलायचं. दार पुढे तीनेक वर्षांनी मिळालं.

ज्यांनी पंपावर ‘टू-टी ऑइल मारा’ म्हणत स्कूटर चालवलीय त्यांना पुढची गंमत लगेच कळेल. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाचं तेल पेट्रोलबरोबरच जातं. लांब उतारावर पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की चाकं इंजिनाला जोरात फिरवतात, पण पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे तेलही बंद. अशानं इंजिन जाम होतं. म्हणून साबनं फ्रीव्हील बसवलं. पाय काढला की इंजिन चाकांपासून सुटं होऊन आपलं आरामात आयडलिंगला. खंबाटकी उतरताना न्यूट्रल मारून ‘पेट्रोल वाचवणारे’ आमच्या कारखान्यात पुष्कळ होते. इथे तेच काम कंपनीनं स्वतः करून दिलं होतं, आणि तेही इंजिन वाचवायला. अशाच टू-स्ट्रोक साब ९६ मध्ये एरिक कार्लसननं १९६२ आणि १९६३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. बाकीचे मोठमोठी इंजिनं घेऊन आले होते. पुढची चाकं ओढणारी असल्यामुळे बर्फात ही गाडी सुटायची नाही.

असो, मूळ मुद्दा ९०० चा.

ही गाडी १९७८ पासून १९९३ पर्यंत बनली, आणि नऊ लाखांच्या वर बनली. बोनेट उघडायला गेलो तर ते आधी पुढे सरकलं आणि मग पुढच्या बाजूलाच कलंडलं. मडगार्डांचा वरचा भागही त्याच्यासकट. समोर सगळं उघडं, कुठूनही हात घाला. इंजिन लांबीत बसवलंय, ४५ अंशांत तिरकं आणि चक्क उलटं. म्हणजे टायमिंग चेन ड्रायव्हरच्या बाजूला आणि क्लच रेडिएटरच्या बाजूला. गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल की कुणीतरी ड्रॉइंग उलटं धरलं.

पण क्लचचं बघा. क्लच प्लेट बदलायची म्हणजे एरवी इंजिन नाहीतर गिअरबॉक्स उतरवा, दिवस घालवा. इथे क्लच समोरच. पेडल दाबून स्प्रिंगमध्ये एक रिंग अडकवायची, शाफ्ट पुढे ओढायचा आणि क्लच वरून उचलून घ्यायचा. इंजिन जागचं हलत नाही. ज्यानं हे डिझाइन केलं त्यानं कधीतरी गाडीखाली आडवं पडून काम केलेलं असणार.

किल्लीचंही तसंच. स्टार्टरची किल्ली स्टिअरिंगजवळ नाही, दोन सीटांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याशी. जावयांना वाटत होतं ही विमानवाल्यांची ऐट. कारण साधं आहे. अपघातात गुडघा पुढे जाऊन आदळतो तिथे किल्ली नको. शिवाय किल्ली गिअरबॉक्सला कुलूप लावते, रिव्हर्स टाकल्याशिवाय निघतच नाही. गाडी उतारावर घरंगळायचा प्रश्न नाही, चोरायची तर ओढूनही नेता येत नाही. (तोटा एकच, कॉफी नेमकी त्या भोकात सांडते.) काच पुढून गोलाकार आणि तिच्या बाजूचे खांब मजबूत, कारण इथल्या रस्त्यांवर मूस नावाचं जनावर आडवं येतं. लांब पायांवर चारशे-पाचशे किलोंचं धूड, गाडीनं पाय उडवले की सगळं वजन काचेवर. सीट गरम करायची सोय साबनं १९७१ मध्येच दिली होती. आत येणारी हवा गाळणारा फिल्टर या ९०० मध्ये पहिल्यापासून. बाकीच्यांना ते सुचायला बराच काळ लागला.

चालवून बघितली. मालक शेजारी बसले, जावई मागे. खालच्या वेगाला गाडी साधी, थोडी जड, स्टिअरिंगही अंगापेरानं मोठ्या माणसासारखं. तीन हजार फेऱ्यांच्या आसपास टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, जागा होतो आणि मग पाठीमागून कुणी ढकलल्यासारखी सुटते. दोन लिटरचं, १६ व्हॉल्व्हचं इंजिन, पण ओव्हरटेक करताना त्याहून बरंच मोठं वाटतं. स्टिअरिंग थोडं हाताला ओढतं. मागून जावयांचा आवाज आला, ‘बाबा, सत्तरचा रस्ता आहे.’

टर्बो साबनं शोधला नाही. पण शर्यतीच्या आणि श्रीमंतांच्या गाड्यांतला टर्बो रोजच्या घरगुती गाडीत नीट वागायला लावला तो साबनं, १९७७ साली, ९९ टर्बोत. १९६९ मध्ये स्कॅनियाशी विलीनीकरण झालेलं, म्हणजे ट्रकच्या टर्बोची विद्या घरात होतीच. त्यावर पेर यिलब्रांडच्या लोकांनी एपीसी ही यंत्रणा बसवली. इंजिनाच्या ब्लॉकवर एक सेन्सर असतो, तो नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याची खटखट, ऐकतो आणि ऐकलं की टर्बोचा दाब कमी करतो. पेट्रोल हलकं मिळालं तर गाडी आपणहून सांभाळून घेते. रॉकेलच्या भेसळीच्या दिवसांत हे आपल्याकडे असतं तर किती पिस्टन वाचले असते!

आता दोष. ९०० चा नाजूक अवयव म्हणजे गिअरबॉक्स. मूळ रचना लहान इंजिनाच्या काळातली, त्यावर टर्बोची ताकद आली. जुन्या गाड्यांत बेअरिंगची घरघर हा साबवाल्यांचा नेहमीचा विषय. या गाडीचा बॉक्स मागे एका गॅरेजात उघडून बेअरिंगं बदलली आहेत असं मालक म्हणाले. आवाज तरी स्वच्छ होता. छताचं अस्तर लोंबणं हा दुसरा विषय. त्यामागचा फोम भुगा होतो आणि कापड डोक्यावर येतं. या गाडीत ते नवीन लावलेलं. गंज बघायचा तो बॅटरीखाली, चाकांच्या कमानीत, दरवाज्यांच्या खालच्या कडेला आणि बोनेटखाली ड्राइव्हशाफ्टच्या वरच्या पत्र्यात. स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला. डाव्या मागच्या कमानीत लोहचुंबक पडला, म्हणजे तिथे पुट्टी. पस्तीस वर्षं इथल्या मिठाच्या रस्त्यांवर काढल्यावर एवढं चालायचंच.

जावयांच्या मते साब जनरल मोटर्सनं मारली. सगळे साबप्रेमी हेच म्हणतात. मला अर्धंच पटतं. आकडे बघा. भरभराटीच्या १९८७ सालीसुद्धा वर्षाला सव्वा-दीड लाखाच्या मध्येच कुठेतरी गाड्या. एवढ्याशा उत्पादनावर स्वतःचं इंजिन, स्वतःचा गिअरबॉक्स, स्वतःची चेसिस! डाय आणि टूलिंगचा खर्च कसा वसूल व्हायचा? हे हिशेब मी आयुष्यभर बघितले आहेत. ९००० हे मॉडेल तर त्यांनी फियाट, लॅन्चिया आणि अल्फाबरोबर खर्च वाटून काढलं होतं. म्हणजे पैशाची तंगी जनरल मोटर्सच्या आधीची. १९८९ च्या शेवटी जनरल मोटर्सनं ६० कोटी डॉलर देऊन निम्मी कंपनी घेतली, २००० मध्ये उरलेली. नाहीतर साब तेव्हाच बंद पडली असती, असं माझं मत.

पण नंतर जे झालं ते बघवत नाही. १९९३ ची नवी ९०० ओपेल व्हेक्ट्राच्या सांगाड्यावर आली. हुशारी संपली नव्हती. १९९७ च्या ९-५ मध्ये मागून धडक बसली की मानेला धरणारी हेडरेस्ट होती, आणि थंड हवेच्या सीटाही. पण ती ९-५ बारा वर्षं तीच चालवली. २००२ मध्ये आलेल्या ९-३ चं मागचं मोठं दार काढून टाकलं, ज्यात अख्खं कपाट मावायचं आणि ज्यासाठी लोक साब घ्यायचे. अमेरिकेसाठी सुबारूवर साबचं नाक बसवून ९-२एक्स काढली. शेवर्लेची ट्रेलब्लेझर घेऊन ९-७एक्स काढली. आणि तिच्यात काय केलं? किल्ली तेवढी उचलून सीटांच्या मध्ये नेली! गुडघ्यासाठी केलेली गोष्ट शेवटी ओळखपत्र झाली. इंजिन उलटं असायला कारण होतं, बोनेट तसं असायला कारण होतं, हिला काही कारण नव्हतं. गिऱ्हाईक खुळं असेल, पण आंधळं नसतं.

पुढचं पटकन सांगतो. २००९ च्या मंदीत जनरल मोटर्सनं हात वर केले. मोटारींचे कारखाने चालवणं हे सरकारचं काम नाही, अशी भूमिका स्वीडिश सरकारनं घेतली. २०१० मध्ये व्होल्वो चीनच्या जीलीकडे गेली आणि साब गेली स्पायकरकडे, म्हणजे वर्षाला मूठभर स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या डच कंपनीकडे. एप्रिल २०११ मध्ये पुरवठादारांचे पैसे थकले आणि लाइन थांबली. चिनी कंपन्या पैसे घालायला तयार होत्या, पण आपलं तंत्रज्ञान तिकडे जायला जनरल मोटर्सनं परवानगी दिली नाही. १९ डिसेंबर २०११ ला दिवाळखोरी. तीन हजारांवर कामगार, तेही ख्रिसमसच्या आठवड्यात. घेऊ पाहणाऱ्यांत त्या वेळी आपल्या महिंद्राचंही नाव बातम्यांत होतं. मिळाली नेव्ह्स नावाच्या कंपनीला. तिनं २०१३ च्या डिसेंबरात ९-३ पुन्हा सुरू केली, मे २०१४ मध्ये थांबवली, आणि मग साब हे नावही विमानवाल्यांनी काढून घेतलं.

संग्रहालयातल्या शंभराहून जास्त गाड्यासुद्धा २०१२ मध्ये विकायला काढल्या होत्या. गावची नगरपालिका, विमानांची साब आणि वॉलेनबर्ग प्रतिष्ठान यांनी मिळून २.८ कोटी क्रोनरना त्या घेतल्या, म्हणून एकत्र राहिल्या. गोथेनबर्गहून आगगाडीनं पाऊण तासाचं अंतर. इकडे येणाऱ्यानं जरूर जावं. तिथे ‘मॉन्स्ट्रेट’ म्हणून एक प्रयोगाची गाडी आहे. एका बोनेटखाली शेजारी शेजारी दोन टू-स्ट्रोक इंजिनं! मी तिच्यासमोरून हलेना, शेवटी मुलीनं दंडाला धरून नेलं.

तर घ्यावी का? सुटे भाग अजून मिळतात. साबचा भागांचा विभाग दिवाळखोरीत सापडला नाही, तो ओरिओ या नावानं चालू राहिला. तीस वर्षांवरच्या गाडीला इथे रस्ताकरही नाही. जर्मनी-नेदरलँड्समधल्या आपल्या मंडळींनी घ्यायची असेल तर मीठ न लागलेली, दक्षिणेकडची गाडी बघावी. गंज एकदा आतून लागला की इंजिन कितीही चांगलं असून उपयोग नाही. आणि जनरल मोटर्सचा सांगाडा येण्याआधीची, म्हणजे १९९३ पर्यंतची जुन्या अंगाची ९०० च घ्या, तिच्या पुढची ओपेलवाली स्वस्त मिळते म्हणून भुलू नका.

माझे गुण पाचपैकी चार. एक गुण गिअरबॉक्सचा कापलाय. मालकांनी बेअरिंगं बदलल्याचं बिल दाखवलं तर तोही देईन. ते बिल शोधतो म्हणालेत. कमानीतल्या पुट्टीचे पैसे किमतीतून कमी करायला जावयांना सांगितलंय, पण त्यांना घासाघीस करायची लाज वाटते, तेव्हा बोलणी मलाच करावी लागणार. मुलीची अट एवढीच, की व्होल्वो विकायची नाही.