भाड्याची २००-५०० लेन्स, मेन राज्यातली थंडी आणि वाट चुकलेला समुद्री गरुड

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घ्यावी का नको एवढंच हवंय ते मोकळे. निकॉनची २००-५०० एफ ५.६ लेन्स (२०० ते ५०० एमएम, लांबचे पक्षी जवळ आणणारी) भाड्याने मिळत असेल तर बिनधास्त घ्या, जोडीला १.४ चा टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे लावायचं, चित्र १.४ पट मोठं करणारं भिंग) घेऊ नका, आणि ज्या ऑनलाइन दुकानातून मी घेतली त्याचं नाव इथे टाकत नाही कारण त्यांच्याशी थोडं वाजलं होतं आणि मला परत वाजवायचं नाहीये. लेन्सला पाचपैकी साडेचार, दुकानाला तीन, कन्व्हर्टरला दीड (तोही दयेने).

आता सविस्तर. गोष्ट जानेवारी २०२२ ची आहे पण अजून कोणी ना कोणी विचारतं की मेनमधल्या त्या स्टेलरच्या समुद्री गरुडाचा फोटो कशाने काढला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. आम्ही बोस्टनच्या बाहेर राहतो. माझ्याकडे बॉडी निकॉन डी५००, आणि लेन्स जेमतेम ३०० एमएमपर्यंतची. भिगवणला एवढी पुरते हो, तिथे नाववाले दादा तुम्हाला गुपचूप फ्लेमिंगोच्या जवळ नेऊन उभे करतात आणि वर कुठल्या बाजूने उजेड आहे तेही सांगतात. इथे तसलं काही नाही. इथे धक्क्यावर उभं राहायचं आणि पक्षी ज्या बेटावर बसेल त्या बेटाकडे बघत बसायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा स्टेलरचा समुद्री गरुड अमेरिकेतला नाहीच. रशियाच्या पूर्व टोकाला कामचाटका आणि ओखोत्स्क समुद्राचा किनारा हे याचं घर, हिवाळ्यात त्यातले बरेच खाली जपानात होक्काइडोला उतरतात. सगळ्या जगात मिळून चार-पाच हजार असतील. वजन ९ किलोपर्यंत जातं, पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत ८ फुटांच्या आसपास, चोच अशी पिवळीधमक आणि एवढी मोठी की लांबूनसुद्धा चेहऱ्यावर काहीतरी चिकटवल्यासारखी वाटते. आपल्याकडे कोकणात वेळासला वगैरे जो पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसतो तो याच्यापुढे सडपातळ. तर असा एक पक्षी ऑगस्ट २०२० मध्ये अलास्काच्या आतल्या भागात दिसला, मार्च २०२१ मध्ये एक टेक्सासला दिसला (तो हाच असावा असं मानतात), मग उन्हाळ्यात कॅनडात क्वेबेक, न्यू ब्रन्सविक, नोव्हेंबरमध्ये नोव्हा स्कोशिया, आणि २० डिसेंबरला आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये टॉन्टन नदीवर. म्हणजे घरापासून पाऊण तासावर! आणि आम्ही तेव्हा कुठे, तर न्यू जर्सीला मेव्हण्याकडे पत्ते खेळत. परत आलो तर पक्षी गायब. मग ३० डिसेंबरला बातमी आली की मेन राज्यात जॉर्जटाउनला, फाइव्ह आयलंड्सच्या धक्क्यासमोर दिसलाय. त्या रात्रीच लेन्स बुक केली.

नवी लेन्स तेव्हा साधारण चौदाशे डॉलरला होती, चार दिवसांचं भाडं कन्व्हर्टर आणि इन्शुरन्स धरून शंभराच्या थोडं वर गेलं. वर्षातून दोनदा लांबची लेन्स लागणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने विकत घेण्यात अर्थ नाही असं माझं गणित होतं आणि अजून आहे. खोकं बुधवारी यायचं ते गुरुवारी संध्याकाळी आलं, म्हणजे चारातला एक दिवस असाच गेला. उघडलं तर हूड (लेन्सच्या तोंडावर बसवायचं संरक्षक नळकांडं) नाही. पुढचं तोंड ९५ एमएमचं, म्हणजे पोळपाटावरच्या पुरीएवढी काच, आणि त्यावर हूड नाही. फोन केला तर पलीकडची बाई म्हणाली पाठवलाय आम्ही, नीट बघा. मी खोकं उघडताना फोटो काढले होते म्हणून वाचलो, नाहीतर हूडचे पैसे माझ्याच बोकांडी बसत होते. नंतर त्यांनी एका दिवसाचं भाडं परत केलं हे खरं, म्हणून तीन दिले.

लेन्स मात्र खरंच छान. कॉलरसकट (स्टँडला लावायच्या कड्यासकट) २.३ किलो, हातात घेऊन दहा मिनिटं उभे राहिलात की दंड भरून येतो, पण मोनोपॉडवर म्हणजे एकपायी स्टँडवर काही त्रास नाही. झूम करताना लांब होते, २०० पासून ५०० पर्यंत जायला रिंग बरीच फिरवावी लागते, एका झटक्यात होत नाही, त्यामुळे पक्षी अचानक जवळून गेला तर तुम्ही अजून रिंगच फिरवत असता. मी ५०० वरच ठेवून दिली आणि विसरलो. सगळ्या झूमवर एफ ५.६ (लेन्सचं तोंड किती उघडतं तो आकडा, जितका लहान तितका उजेड जास्त) कायम राहतं हे या किमतीत फार मोठं सुख आहे, हिवाळ्यात तिकडे दुपारी तीनलाच संध्याकाळ व्हायला लागते तेव्हा त्याची किंमत कळते. व्हीआर म्हणजे हात हलला तरी सांभाळून घेणारी भानगड, ती दोन प्रकारची आहे, बसलेल्या पक्ष्याला नॉर्मल आणि उडणाऱ्याला स्पोर्ट. आणि बाजूला एक छोटं बटण आहे, फोकस पूर्ण का फक्त ६ मीटरच्या पुढचा. ते ६ मीटरवर टाका. मी टाकलं नव्हतं, पहिला अर्धा तास कॅमेरा जवळच्या धक्क्याच्या दोरखंडावर जाऊन परत येत होता आणि मी लेन्सला शिव्या घालत होतो. चूक माझी.

शनिवारी पहाटे चारला निघालो. मी, ही, आणि मागच्या सीटवर झोपलेली मुलगी. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. बाथच्या पुलावरून केनेबेक नदी ओलांडली की उजवीकडे वळून रस्ता अरुंद होत जातो, झाडं, पाणी, परत झाडं, आणि शेवटी एकदम समुद्र. उन्हाळ्यात तिथे लॉबस्टर खायला लोक येतात, हिवाळ्यात सगळं बंद, फक्त कोळ्यांच्या बोटी. आणि त्या दिवशी ट्रायपॉडांची रांग! वारीत दिंडी थांबावी तसे लोक उभे, कोणी कुठल्या राज्यातून आलेलं कोणी कुठल्या. एक गोष्ट मुद्दाम सांगतो, तो धक्का म्हणजे पर्यटन स्थळ नाही, कोळ्यांची कामाची जागा आहे, त्यांच्या गाड्या लागायच्या ठिकाणी आपली गाडी लावू नका. आम्ही लांब लावून चालत आलो, मुलीने त्यावरून दिवसभर ऐकवलं.

आता मुख्य मुद्दा, कारण लेन्स घेताना कोणी हे सांगत नाही. पक्षी पावणेदहाला दिसला, समोरच्या बेटावर एका उंच झाडावर बसलेला, अंतर असेल आठशे मीटर. आता हिशोब करा. ५०० एमएम लेन्समधून आठशे मीटरवरचा एक मीटर उंचीचा पक्षी सेन्सरवर अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर पडतो. डी५०० वर त्याचे होतात साधारण दीडशे पिक्सेल. फोटो अख्खा साडेपाच हजार पिक्सेल रुंद आणि त्यात जगातल्या सगळ्यात वजनदार गरुडांपैकी एक, दीडशे पिक्सेल. हिने स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, "अरे यात कावळा कुठला आणि गरुड कुठला?" मी बोट ठेवून दाखवलं तर बोटाखाली दोघंही झाकले गेले.

मग कन्व्हर्टर लावला. कागदावर ५०० चे ७०० होतात, दीडशेचे दोनशे दहा पिक्सेल होतात, एफ ५.६ चं एफ ८ होतं, डी५०० चे मोजकेच फोकस पॉइंट (चित्रातल्या ज्या जागांवर कॅमेरा फोकस धरतो त्या) एफ ८ ला चालतात पण मधला चालतो त्यामुळे तक्रार नाही. पण फोटोत तपशील एक पैशाचाही वाढला नाही. कारण हवा. त्या दिवशी हवा शून्याच्या बरीच खाली आणि समुद्राचं पाणी तिच्यापेक्षा गरम, त्यामुळे पाण्यावरून वाफ उठत होती, आणि तिच्यातून बघितलं की सगळं चित्र तापलेल्या तव्यावरच्या हवेसारखं हलतं. लेन्स कितीही महागाची आणा, मधल्या आठशे मीटरची हवा तुमच्या लेन्सचाच भाग असते. कन्व्हर्टरने फक्त ती हलणारी हवा मोठी करून दाखवली. काढून बॅगेत टाकला तो परत बाहेर आला नाही. हेच गाडीतून फोटो काढणाऱ्यांचं, हीटर चालू ठेवून काच खाली करतात आणि मग म्हणतात शार्प येत नाही. येईल कसा, आतली गरम हवा तुमच्या लेन्सच्या तोंडावरूनच बाहेर जातेय की.

बॅटऱ्या थंडीत भराभर बसतात हे ऐकून होतो, तीन नेल्या होत्या, दोन स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवल्या, एक बसली की बदलायची आणि गार झालेली परत आत ठेवायची, ती थोड्या वेळाने परत थोडी जिवंत होते. गाडीत येताना कॅमेरा बॅगेत बंद करून ठेवला, तासभर उघडला नाही, नाहीतर काचेवर दव धरतं आणि लेन्स आपली नाही, भाड्याची आहे.

साडेअकराला तो उडाला. कावळे मागे लागले होते, आणि वर इथले दोन बाल्ड ईगल. बाल्ड ईगल म्हणजे इथला राष्ट्रीय पक्षी, एरवी तो दिसला की आपण गाडी थांबवतो, पण त्या दिवशी तो याच्या शेजारी घारीएवढा वाटत होता, खोटं नाही सांगत. खांद्यावरचे पांढरे पट्टे उन्हात चमकले आणि धक्क्यावरचे सगळे एकदम गप्प झाले, फक्त शटरचा आवाज. तो आमच्या बाजूला थोडा सरकला, तीनेकशे मीटरवर आला असेल, आणि तेव्हा या लेन्सने पैसे वसूल केले. १/२००० सेकंद शटर, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८००, व्हीआर स्पोर्टवर, चाळीसेक फ्रेम, त्यातल्या सहा कामाच्या. एकदा पक्षी धरला की फोकस सुटला नाही, मागे झाडं आली तरी सुटला नाही. भिंतीवर लावण्यासारखा एकही नाही हे कबूल. पण सहातल्या दोन फोटोंत पंखांवरची पांढरी पिसं वेगवेगळी दिसतात, आणि तेच महत्त्वाचं आहे, कारण कॅनडात दिसलेला आणि इथे दिसलेला पक्षी एकच आहे हे लोकांनी असल्याच लांबून काढलेल्या, मातकट फोटोंमधली पिसांची नक्षी जुळवून ओळखलं. तुमचा फोटो इन्स्टावर दहा लाइक घेईल, पण पंख उघडे असताना काढला असेल तर पक्ष्याच्या प्रवासाच्या हिशोबात जमा होतो. म्हणून अशा पाहुण्यासाठी लेन्स घेत असाल तर सुंदर बसलेल्या फोटोच्या मागे लागू नका, उडताना धरेल अशी लेन्स घ्या. ही धरते.

बसलेला फोटो म्हणाल तर त्याची वेगळीच गंमत. शेजारी एक आजोबा होते, त्यांच्याकडे स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण), त्यांनी मुलीला बोलावून दाखवला, मग ही गेली, आणि हिने त्या स्कोपच्या भिंगाला आपला फोन टेकवून एक फोटो काढला. हात थरथरत होते, कडा काळ्या आल्यात, पण चोच, डोळा, पायांची पांढरी पिसं सगळं दिसतंय. माझे चारशे फोटो हार्ड डिस्कवर आहेत, हिचा एक फ्रिजवर आहे.

सोमवारी लेन्स परत पाठवली, हूडवरून परत एक ईमेल आला, मी परत तेच फोटो पाठवले, मिटलं. २०२३ च्या फेब्रुवारीत तो गरुड परत जॉर्जटाउनच्याच भागात आल्याची बातमी आली तेव्हा मी दुसऱ्या एका दुकानाच्या साइटवर गेलो, म्हटलं या वेळी हूडसकट घेऊ. २००-५०० च्या सगळ्या लेन्स त्या आठवड्यापुरत्या बुक झालेल्या. कन्व्हर्टर मात्र भरपूर शिल्लक होते.