गाजर, बीट, मुळ्याला रासायनिक खतं: नागपुरातल्या दोन हिवाळ्यांचा अनुभव

बेसा भागात घरामागे आमची थोडी मोकळी जागा आहे. माती काळी, भारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथे मी दोन हिवाळे गाजर (पुसा केशर), बीट आणि मुळा लावते आहे. खतं तीनच: युरिया, सिंगल सुपर फॉस्फेट आणि म्युरेट ऑफ पोटॅश. तिन्ही जवळच्या कृषी केंद्रातून आणली.

पहिल्या वर्षी सगळा भरवसा युरियावर ठेवला. पंधरा दिवसांनी मूठभर टाकला, महिन्याने परत. पाला गुडघ्याला लागला. शेजारच्या काकू रोज म्हणायच्या, "यंदा गाजरं जबरदस्त येतात बघ." जानेवारीत उपटलं, तर खाली बोटाएवढं गाजर, त्याला तीन फाटे आणि अंगभर केसांसारखी मुळं. मला खरंच रडू आलं. युरियातून मिळणारं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड पाल्याच्याच मागे लागतं, मुळातली साठवण राहून जाते. अर्थात सगळा दोष युरियाचा नाही. माती घट्ट होती आणि पेरणीआधी मी न कुजलेलं शेणखत घातलं होतं, फाटे त्यानेही फुटतात.

दुसऱ्या वर्षी १० बाय ४ फुटांचे उंच वाफे केले, वाळू मिसळली, शेणखत जुनं, भुरभुरीत घेतलं. पेरणीआधी दर वाफ्याला १५० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि ४० ग्रॅम पोटॅश चार बोटं खोल मिसळलं. सुपर फॉस्फेटमधलं स्फुरद (फॉस्फरस) मातीत फारसं सरकत नाही, आणि चुनखडीच्या जमिनीत तर लगेच अडकून बसतं; वरून फेकलेलं वाया गेल्यासारखंच. डीएपीत (डायअमोनियम फॉस्फेट खतात) स्फुरद ४६ टक्के, सुपरमध्ये १६ टक्केच, तरी मी सुपर घेतलं, कारण त्यात गंधक आणि कॅल्शियमही मिळतं. मुळ्याचा झणझणीतपणा गंधकाच्या संयुगांमुळेच असतो.

युरिया फक्त ६५ ग्रॅम: अर्धा पेरताना, अर्धा महिन्याने, आणि टाकल्याबरोबर पाणी. नाहीतर अशा जमिनीत त्याचा अमोनिया होऊन हवेत उडून जातो.

या वेळी गाजर सरळ आणि वीतभर लांब निघालं, मधला कठीण दांडाही बारीक. मुळा पंचेचाळीस दिवसांत तयार झाला. तो मात्र वेळेवर काढा. मी एक ओळ आठवडाभर ठेवली, ती आतून पोचट झाली.

पोटॅशबद्दल मला खात्रीने सांगता येणार नाही. एक वाफा मुद्दाम पोटॅशविना ठेवला होता, त्याच्या गाजरात डोळ्याला फरक दिसला नाही. विदर्भाच्या काळ्या मातीत पालाश (म्हणजे पोटॅशच) बहुतेक पुरेसं असतं. मातीपरीक्षण करूनच त्यावर पैसे घाला.

बीटने वेगळाच धडा दिला. बाहेरून गोल, तुकतुकीत. चिरलं की आत काळे, बुचासारखे कडक डाग. हे बोरॉन, म्हणजे पिकाला अगदी थोडं लागणारं एक अन्नद्रव्य, कमी पडल्याचं लक्षण. पुढच्या बीटला वाफ्यामागे ४ ग्रॅम बोरॅक्स (बोरॉनचा क्षार) झारीभर पाण्यात विरघळवून घातलं, डाग गेले. तराजू नसेल तर बोरॅक्सला हात लावू नका, जरा जास्त झालं तरी पानांच्या कडा करपतात.

यंदाच्या ऑक्टोबरसाठी सुपर फॉस्फेट आणून ठेवलंय. युरियाची पिशवी ओलाव्याने दगड झाली आहे, ती फोडून लागेल तेवढीच वापरणार.