अकॅडमिक वर्ड लिस्ट आणि अंकी : सात महिन्यांच्या वापरानंतर

बी.ए.पर्यंत माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. एम.ए. अर्थशास्त्राच्या पहिल्याच आठवड्यात २२ पानांचा इंग्रजी लेख वाचायला मिळाला. चार दिवस घालवले, तरी लेखकाचं म्हणणं काय ते सांगता येईना. सीमांत उपयोगिता मी पाठ्यपुस्तकातून नीट शिकले होते. तीच ‘मार्जिनल युटिलिटी’ म्हणून समोर आली तेव्हा ओळखूही आली नाही. विषय येत होता, भाषा आड येत होती, याचं फार वाईट वाटलं.

मग अकॅडमिक वर्ड लिस्ट हाती लागली. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांची ही यादी २००० साली प्रसिद्ध झाली. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या शाखांतल्या सुमारे ३५ लाख शब्दांच्या मजकुरातून काढलेली ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) तिच्यात आहेत. अगदी रोजच्या वापरातले २००० शब्द आधीच वगळलेत. विद्यापीठीय लेखनात साधारण दहातला एक शब्द या यादीतला असतो, म्हणून मेहनत वाया जात नाही. यादी फुकट मिळते. अंकी हे कार्डांचं ॲपही अँड्रॉइडवर फुकट आहे. जे कार्ड आठवत नाही ते लवकर परत येतं, आठवतं ते लांबणीवर पडतं.

पहिल्या महिन्यात मी चुकले. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला एकच मराठी अर्थ, रोज २० नवी कार्डं. महिन्याभरात यादी पाठ झाली, पण लेख उघडला की पुन्हा तेच. ‘कॉन्ट्रॅक्ट’ म्हणजे करार, हे मला पक्कं ठाऊक. पण अर्थव्यवस्था ‘कॉन्ट्रॅक्ट’ झाली असं आलं की तिथे अर्थ आकुंचन पावली असा होतो. मराठी बोलण्यात रुळलेल्या शब्दांनी तर सर्वांत जास्त फसवलं. आपल्याकडे ‘इश्यू’ म्हणजे भांडण-अडचण, ‘पॉलिसी’ म्हणजे विम्याची, ‘अप्रोच’ होणं म्हणजे कुणाला जाऊन भेटणं. लेखात हेच शब्द चर्चेचा मुद्दा, धोरण आणि दृष्टिकोन होऊन येतात. संख्याशास्त्रातलं ‘सिग्निफिकंट’ (निव्वळ योगायोगाने आलेलं असण्याची शक्यता कमी) तर नुसतं ‘महत्त्वाचं’ समजून वाचलं की सगळा निष्कर्षच चुकतो.

सगळी कार्डं पुसली आणि नव्याने केली. आता कार्डावर मी स्वतः वाचलेलं अख्खं वाक्य असतं, शब्दाच्या जागी गाळलेली जागा. रोज फक्त आठ. वेळ २५ मिनिटं, बहुतेकदा एसटीत.

दुसरा बदल ॲपबाहेरचा, आणि खरा फरक मला तिथे जाणवला. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे नजर सवयीने शेवटाकडे धावते. इंग्रजीत ते मध्येच असतं, आणि कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये कधीकधी दोन-दोन ओळींचं विशेषण-वाक्य घुसलेलं असतं. मी पेन्सिलीने आधी मुख्य क्रियापद अधोरेखित करू लागले, मग त्याचा कर्ता शोधायचा. त्यासोबत ‘व्हेअरॲज’, ‘नेव्हरदलेस’, ‘ऑल्बीइट’, ‘नॉटविथस्टँडिंग’ अशा ‘उलट’, ‘तरीही’ अर्थाच्या शब्दांना गोल करायचा. हे चारही यादीत आहेत, पण वापराच्या प्रमाणानुसार पाडलेल्या तिच्या दहा भागांपैकी मधल्या आणि शेवटच्या भागांत. मी ते सगळ्यांत आधी घ्यायला सांगेन. लेखक कुठे वळला ते यांच्यावरून कळतं. लेखकाने खोडून काढण्यासाठी मांडलेलं दुसऱ्याचं मत आधी मी लेखकाचंच समजून टिपून ठेवायचे.

उणीव म्हणाल तर यादीत विषयाच्या खास संज्ञा नाहीत. त्यासाठी भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश जवळ ठेवलाय. ‘इलॅस्टिसिटी’समोर ‘लवचिकता’ दिसली की बी.ए.ला शिकलेलं सगळं प्रकरण आठवतं. आणखी एक, चार दिवस खंड पडला की उजळणीची कार्डं साचतात. अशा वेळी नवी कार्डं बंद ठेवून आधी जुनी उरकावीत.

मागच्या आठवड्यात तो २२ पानी लेख पुन्हा काढला. एका दुपारी संपला. समासात मी मराठीत दोन आक्षेप लिहिलेत, आणि त्यातला एक वर्गात मांडणार आहे.