घरचं लिपिड मीटर आणि लो-कार्ब आहार: काही महिन्यांच्या वापरानंतर

लो-कार्ब (कमी कर्बोदकांचा) आहार सुरू केला की कोलेस्टेरॉलवर नजर ठेवायला घरी मीटर घ्यावं का, असं पुण्यात आता बरेच जण विचारतात. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) कुठल्या दिशेने चाललेत हे पाहायला मीटर चांगलं आहे. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) किती, म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी घ्यायची की नाही, हे ठरवायला मात्र ते मुळीच चालणार नाही. आहार नीट जमला तर त्याच आहारामुळे मीटर अडचणीत येतं.

मीटर बोटातलं ३५ ते ४० मायक्रोलिटर रक्त घेतं. म्हणजे ग्लुकोमीटरच्या थेंबाच्या कितीतरी पट. दोनेक मिनिटांत एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड हे तीन आकडे मोजून दाखवतं. चौथा आकडा, एलडीएल, ते मोजत नाही. फ्रिडेवाल्ड यांच्या १९७२ च्या सूत्राने काढतं: एकूणमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडला पाचने भागून येईल तेही वजा.

आता पोळी-भात-साखर कमी झाली की सगळ्यात आधी ट्रायग्लिसराइड उतरतं. दीडशेवरून साठ-सत्तरवर येणं अगदी नेहमीचं. अशा बऱ्याच मीटरची ट्रायग्लिसराइड मोजण्याची खालची मर्यादा ५० च्या आसपास असते. आकडा त्याखाली गेला की पडद्यावर नुसतं ‘लो’ येतं आणि एलडीएलची जागा रिकामी राहते. स्ट्रिप खराब नाही, मीटरही बिघडलेलं नाही. एचडीएल १०० च्या वर गेलं तरी हाच प्रकार. विकत घेण्याआधी पुस्तिकेत मोजण्याची मर्यादा जरूर वाचा.

आकडा आला तरी तो कसा बनलाय ते बघा. समजा खरे आकडे एकूण २४२, एचडीएल ६२, ट्रायग्लिसराइड ५५ असे आहेत. एलडीएल आलं १६९. मीटरने एकूण कोलेस्टेरॉल पाच टक्के जास्त दाखवलं (२५४) आणि एचडीएल दहा टक्के कमी (५६), तर तेच एलडीएल १८७ होतं. दोन्ही चुका वेगवेगळ्या पाहिल्या तर किरकोळ, पण वजाबाकीत त्या एकमेकींवर चढतात. शिवाय ट्रायग्लिसराइड इतकं कमी असताना पाच हा भाजकच मोठा पडतो, त्यामुळे एलडीएल थोडं फुगून येतं. २०१३ मध्ये आलेल्या मार्टिन-हॉपकिन्स पद्धतीत हा भाजक ट्रायग्लिसराइड आणि नॉन-एचडीएल (एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा) पाहून बदलतो. लॅबला विचारा: एलडीएल ‘डायरेक्ट’ (थेट मोजलेलं) आहे की सूत्राने काढलेलं, आणि काढलेलं असेल तर कुठल्या सूत्राने. मीटरवर भरवसा ठेवायचाच असेल तर नॉन-एचडीएलवर ठेवा. एकूण वजा एचडीएल, बस. त्यात ट्रायग्लिसराइडची भानगड नाही.

रक्त घेण्याची रीत चुकली तर कुठलाच आकडा खरा नाही. हात कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. तूप-लोणी हाताळलेलं असेल तर जास्तच काळजीने, कारण बोटावरचा तुपाचा अंश सरळ ट्रायग्लिसराइडमध्ये मोजला जाऊ शकतो. हात थोडा वेळ खाली लोंबकळू द्या. लॅन्सेट (टोचायची सुई) बोटाच्या कडेला, जरा खोल. पहिला थेंब पुसून टाका. मग हलक्या दाबाने थेंब मोठा होऊ द्या. बोट पिळलं की रक्ताबरोबर पेशींभोवतीचं पाणी येतं आणि सगळे आकडे खाली सरकतात. थेंब स्ट्रिपवर न्यायची बारीक नळी आडवी धरा आणि तिच्यात बुडबुडा येऊ देऊ नका. बुडबुडा आला तर ती स्ट्रिप वाया गेली असंच समजा.

हवेचंही आहे. स्ट्रिपची रसायनं साधारण २० ते ३० अंशांत नीट चालतात. एप्रिल-मेच्या दुपारी आणि डिसेंबरच्या पहाटे पुण्यातली खोली या मर्यादेबाहेर सहज जाते. पावसाळ्यात डबी उघडी राहिली तर स्ट्रिपला ओल लागते. स्ट्रिप काढली की झाकण लगेच घट्ट. काही मीटरना प्रत्येक डबीबरोबर कोड-चिप येते. जुनी चिप तशीच राहिली तर आकडे भलतेच येतात.

लॅबच्या तपासणीचं वेळापत्रक मीटरइतकंच महत्त्वाचं. एक तपासणी आहार सुरू करण्यापूर्वी, दुसरी साधारण तीन महिन्यांनी, पण वजन दोन-तीन आठवडे एका जागी थांबल्यावर. वजन झपाट्याने उतरत असताना एलडीएल तात्पुरतं वर जाऊ शकतं, तेव्हा घाबरून निष्कर्ष काढू नये. उपाशी राहायचं ते दहा ते बारा तास, सोळा-अठरा नाही. पाणी चालतं, तूप घातलेली कॉफी चालत नाही. घरी रक्त न्यायला माणूस सकाळी साडेसहाला बेल वाजवतो आणि आपण अंथरुणातून उठून हात पुढे करतो. आडवं राहिल्यावर रक्त थोडं पातळ होतं आणि कोलेस्टेरॉल आठ-दहा टक्क्यांनी कमी दिसू शकतं. पंधरा मिनिटं खुर्चीत बसा, मगच रक्त द्या. दंडाचा पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त आवळून ठेवला तर उलटं होतं, आकडे वाढतात. रविवारी सिंहगड चढून सोमवारी रक्त दिलं तर एएसटी-एएलटी (लिव्हरच्या तपासणीतले आकडे) वाढलेले दिसतील. तो मार स्नायूंचा असतो, लिव्हरचा नाही.

लॅबमध्ये एक गोष्ट जास्तीची करायची असेल तर अपो-बी (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरचं प्रथिन) करा. एलडीएलच्या प्रत्येक कणावर एकच अपो-बी असतं, म्हणून कण किती हे थेट कळतं. लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा कण) बहुतांशी आनुवंशिक; आयुष्यात एकदा पुरे. सडपातळ आणि भरपूर व्यायाम करणाऱ्या काहींचं एलडीएल लो-कार्बवर २०० च्या वर जातं. एचडीएल उत्तम आहे म्हणून त्या एलडीएलकडे दुर्लक्ष करू नये. एलडीएलचा आकडा १९० च्या वर दोनदा आला तर डॉक्टरांकडे जा. दरम्यान तूप, खोबरं, पनीर यांतला काही वाटा शेंगदाणा तेल, बदाम, जवसावर न्या, रोज इसबगोल घ्या, सडपातळ असाल तर थोडी ज्वारीची भाकरी परत आणा, आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा.

रक्ताच्या बाकी तपासण्यांत पुणेकरांनी बी-१२ विसरू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून इथल्या लोकांमधली बी-१२ ची कमतरता पुढे आली आहे. शाकाहारी लो-कार्बवाल्यांना तर हे जास्तच लागू. सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या तपासणीत) नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही. लोह कमी पडलं की एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) उतरतो, बी-१२ कमी पडलं की चढतो. दोन्ही कमी असतील तर तो मधोमध, निर्दोष दिसतो. अशा वेळी आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) वाढलेला असतो, तिथे बोट ठेवा आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करून घ्या. याचा एचबीए१सीशी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या आकड्याशी) थेट संबंध आहे: लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढलेला येतो, आणि साखर सोडूनही आकडा हलत नाही म्हणून माणूस खचतो. युरिक अॅसिड पहिल्या काही आठवड्यांत वाढतं, कारण कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) आणि ते एकाच वाटेने मूत्रपिंडातून बाहेर पडतात. पुढे बहुधा उतरतं. गाउट (युरिक अॅसिडमुळे होणारी सांधेदुखी) असेल तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर मीटर घेण्याआधी डॉक्टर. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) तेवढंच ठेवून कर्बोदकं तोडली तर साखर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या डायबेटिसच्या गोळ्यांबरोबर कडक लो-कार्ब केलं तर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लयुक्त होणं) होऊ शकतो. मळमळ, उलट्या, धाप लागली तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

मीटर घ्यायचंच ठरलं तर स्ट्रिपची लहान डबी घ्या आणि मुदत तपासून घ्या. ज्या सकाळी लॅबमध्ये रक्त देणार, त्याच सकाळी, त्याच उपाशीपोटी मीटरवरही तपासा आणि दोन्हीतला फरक डबीवरच लिहून ठेवा. पुढच्या तपासणीत तो फरक तेवढाच राहिला तर मीटर कामाचं. दर वेळी बदलत असेल तर स्ट्रिपवरचे पैसे वाचवून वर्षातून दोनदा एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या एकाच लॅबमध्ये अपो-बीसकट तपासणी करून घ्या.