ए-प्लसचे व्हिडिओ कोर्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

कॉम्पटिया ए-प्लस या संगणक दुरुस्ती-सपोर्टच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या तयारीला प्रोफेसर मेसरची यूट्यूबवरची फुकट मालिका आणि जोडीला एक विकतचा कोर्स, असे दोन्ही काही महिने वापरले. पैसे भरण्याआधी परीक्षेचा कोड बघा. सध्याच्या परीक्षा २२०-१२०१ आणि २२०-१२०२. जुन्या २२०-११०१ आणि २२०-११०२ सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाल्या. विकतच्या कोर्सच्या नावात नवा कोड, आत मात्र बरेच धडे जुनेच निघाले. अभ्यासक्रमाची पीडीएफ कॉम्पटियाच्या साइटवर मोफत मिळते, तिच्याशी धड्यांची यादी ताडून घ्या.

मेसरची मालिका त्या पीडीएफच्या क्रमानेच जाते. धडे आटोपशीर, पाल्हाळ नाही. थिअरीला एवढं पुरतं. कमी पडतं ते हार्डवेअरला. लेझर प्रिंटरचे सात टप्पे पाठ होतात, पण नाशिकच्या सातपूर-अंबडच्या ऑफिसात कुणी टप्पे विचारत नाही, खराब कागद पुढे करतात. छापलेलं बोटाने पुसलं जातंय? फ्यूजर, म्हणजे शाई कागदावर वितळवून चिकटवणारा भाग, नीट तापत नाही. तोच ठिपका साधारण दर ७५ मिलिमीटरवर उमटतोय? एचपीच्या ८८ए कार्ट्रिजमध्ये ड्रमला, म्हणजे कागदावर छाप उमटवणाऱ्या फिरत्या नळीला, ओरखडा असतो. कितीही रिफिल करा, ड्रम बदलल्याशिवाय तो जात नाही. परीक्षेतही लक्षण देऊन कारणच विचारतात, म्हणून एखादं निकामी कार्ट्रिज उघडून बघाच.

व्हिडिओत भिंतीतली वीज अमेरिकेची, १२० व्होल्ट. आपल्याकडे २३०. जुन्या एसएमपीएसच्या (संगणकाच्या पॉवर सप्लायच्या) मागचा लाल स्विच ११५ वर राहिला आणि प्लग लावला, की फ्यूज तरी उडतो नाहीतर कपॅसिटर तरी फुटतो. नाशिकच्या एमजी रोडवरून जुना माल उचलताना आधी तो स्विच बघायचा.

विकतच्या कोर्सचे पैसे वसूल झाले ते फक्त लॅबमुळे. तेही घरी जमतं: व्हर्च्युअलबॉक्स ७ वर (संगणकातच दुसरा, आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज ११, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन सेटिंग्ज चालू. हे आभासी मशीन सुरूच होत नसेल तर बहुतेक वेळा खऱ्या संगणकाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं. डिस्कपार्ट, एसएफसी, डीआयएसएम या डिस्क आणि विंडोज दुरुस्तीच्या कमांड तिथेच हाताने चालवा. नुसतं बघून क्रम लक्षात राहत नाही.

दर पेपरला ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न. करून दाखवायचे प्रश्न बहुधा सुरुवातीलाच येतात आणि वेळ खातात. ते फ्लॅग करून पुढे जा, शेवटी त्यांच्याकडे वळा.