बडोद्यात घरावर सोलर: खर्च किती, सबसिडी किती आणि बसवणाऱ्याला किती मार्क

आधी आकडेच सांगून टाकते, कारण भेटणारा प्रत्येकजण पहिलं तेच विचारतो. कारेलीबागेत आमचं टेनामेंट (म्हणजे स्वतःच्या गच्चीचं घर) आहे, वर ३.२४ किलोवॅटची सिस्टिम, म्हणजे ५४० वॅटची सहा पॅनेलं, एक इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा), पॅनेलखालचं उंच स्ट्रक्चर, वायरिंग, अर्थिंग, मीटरचं काम सगळं धरून १,७८,००० रुपये. त्यातले ७८,००० सबसिडीचे खात्यात परत आले, म्हणजे घरातून गेले एक लाख. हा २०२४ च्या उन्हाळ्यातला भाव आहे हं, तेव्हा पॅनेलवर जीएसटी १२ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ५ झालाय, त्यामुळे आता कोणी जुनाच भाव सांगत असेल तर सरळ विचारा की भाऊ, टॅक्स कमी झाला तो गेला कुठे.

सबसिडीचं गणित सोपं आहे पण लोक उगाच गोंधळ घालतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, आणि मग बंद. पाच लावा नाहीतर दहा लावा, मिळणार ७८,०००च. आधीच्या सूर्य गुजरात योजनेत तीनच्या वर दहापर्यंतसुद्धा २० टक्के मिळायचे, म्हणून ज्यांनी २०१९-२० ला बसवलं ते अजून सांगत फिरतात की मोठी लावा, सरकार देतंय. आता नाही देत. उत्तर प्रदेशात म्हणे राज्य सरकार वरून ३०,००० पर्यंत देतं, आम्हाला केंद्राच्या रकमेवर एक दमडी जास्त मिळाली नाही.

कोटेशन घ्यायला बोलावलेल्यांपैकी एकजण तर गच्ची बघून म्हणाला, ‘बेन, जागा आहे तर पाच किलोवॅट टाका, उरलेली वीज कंपनीला विका, घरबसल्या कमाई.’ मी लाइट बिल काढून समोर ठेवलं. जास्तीची वीज कंपनी घेते २ रुपये २५ पैशाला. आणि आपण वरच्या स्लॅबचं युनिट घेतो ते फ्युएल चार्ज, ड्युटी धरून आठ-साडेआठला पडतं. म्हणजे स्वतःचं युनिट वाचवलं तर आठ रुपये, विकलं तर सव्वादोन. यात कमाई कुठली आली? मागच्या वर्षभराची बिलं घ्या, त्यातले युनिट (रुपये नाही, युनिट) बेरीज करा आणि तेवढंच बसवा. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. आमचे वर्षाला साडेचार हजाराच्या आसपास युनिट होतात, त्यामुळे सव्वातीन बरोबर बसलं. उन्हाळ्यात दोन महिन्यांचं बिल एसीमुळे पावणेआठ हजारापर्यंत जायचं, आता फिक्स्ड चार्ज आणि किरकोळ युनिट एवढंच येतं. अगदी शून्य येत नाही, ‘मुफ्त बिजली’ नावावर जाऊ नका. पण एक लाख साधारण साडेतीन वर्षांत वसूल होतात, आणि पॅनेलची वॉरंटी २५ वर्षांची असते, तेव्हा एफडीत ठेवण्यापेक्षा हे बरंच.

कर्ज आम्ही काढलं नाही पण नणंदेने काढलं, तीन किलोवॅटपर्यंत तारण लागत नाही आणि व्याज रेपो रेट अधिक अर्धा टक्का, पर्सनल लोनपेक्षा कितीतरी स्वस्त. सबसिडी आली की ती कर्जातच भरून टाकायची, मग हप्ता जुन्या लाइट बिलाएवढाच राहतो.

खरा वेळ गेला तो कागदांत. आमचं कनेक्शन अजून सासऱ्यांच्या नावावर होतं, ते जाऊन बरीच वर्षं झाली पण बिल भरलं जातंय ना मग कशाला बदला, असं आपल्याकडे सगळ्यांच्याच घरी असतं, दांडिया बाजारासारख्या जुन्या वस्तीत तर आजोबांच्याच काय, पणजोबांच्या नावाची बिलं निघतील. सबसिडी मात्र ज्याच्या नावावर बिल त्याच्याच बँक खात्यात येते. म्हणून आधी वीज कंपनीत, म्हणजे एमजीव्हीसीएलमध्ये (आपल्या तोंडात अजून जीईबीच आहे) नाव सासूबाईंच्या नावावर करून घेतलं, वेऱ्याची (घरपट्टीची) पावती, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, सगळं लावलं. सोलरचा विचार पुढच्या वर्षी करणार असाल तरी नावाचं काम आजच करा. शेवटी योजनेच्या पोर्टलवर टाकायला घरमालकाचा पॅनेलशेजारी उभं राहून लोकेशनवाला फोटो लागतो, तर सासूबाई नऊवारी नेसून जिना चढून गेल्या आणि म्हणाल्या, ‘लग्नात एवढा नीट फोटो काढला नव्हता कोणी.’

आता स्ट्रक्चर. माझं ठाम मत आहे की पैसे वाचवायचे तर कुठेही वाचवा, इथे नको. कोटेशनमधला फरक बहुतेक इथेच असतो, पॅनेल सगळ्यांची जवळपास सारखीच, तेही भारतात बनलेली सेल असलेली, म्हणजे डीसीआर, तीच लागतात, नाहीतर सबसिडी नाही. सर्वात स्वस्त कोटेशन १,६२,००० चं होतं, त्यात स्ट्रक्चर गच्चीला चिकटून. म्हणजे पापड-कुरडया वाळत घालायला जागा नाही, टाकी धुवायला वाकून जा, आणि उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, काय करणार सांगा. १४-१५ जानेवारीला बडोद्यात गच्ची बंद ठेवणं म्हणजे दिवाळीत फराळ न करणं. आम्ही पुढून सहा फूट, मागून आठ फूट असं उंच, गॅल्व्हनाइज केलेल्या पाइपचं करून घेतलं, खालून माणूस आरामात जातो, दुपारी सावलीत बसून उंधियू खाता येतो ते वेगळंच. फक्त दोरा अडकतो. कापलेला पतंग आला की पोरं पॅनेलच्या कडेला धरून चढायला बघतात, त्यांच्यावर डोळा ठेवायला एक मोठं माणूस लागतं, आणि वासी (दुसऱ्या दिवशीची) उत्तरायण झाली की कनेक्टरपाशी गुंतलेला मांजा कात्रीने कापून काढायचा, ओढायचा नाही, वायर सैल होते.

दुसरं, आपल्या गच्च्यांवर चायना मोझेक, म्हणजे टाइल्सच्या तुकड्यांची फरशी असते. बसवणारे बिनधास्त ड्रिल मारून बोल्ट ठोकतात आणि पहिल्या पावसात खालच्या खोलीत ओल येते. आमच्याकडेही ड्रिल घेऊनच आले होते. ह्यांनी अडवलं, मग स्लॅबवर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय बसवले, जास्तीचे पैसे मागितले नाहीत हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दोन पावसाळे गेले, थेंब नाही गळला.

सावली स्वतः बघा. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला गच्चीवर जाऊन उभं राहा. आमच्या शेजारच्यांची टाकी हिवाळ्यात एका कोपऱ्यावर सावली टाकते, बसवणाऱ्याने मे महिन्यात बघितलं तेव्हा सूर्य डोक्यावर होता, त्याला ती दिसलीच नाही. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलमध्ये एकावर सावली पडली तर बाकीच्यांचंही उत्पादन खाली येतं, म्हणून जागा फूटभर सरकवून घेतली.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते: लाइट गेली की हे सोलरही बंद. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा आमच्या भागात लाइट बंद होती, पाऊस थांबून छान ऊन पडलं, वर सहा पॅनेलं चकचकीत धुतलेली आणि खाली फ्रिजमधलं दूध नासतंय. लाइनवर काम करणाऱ्याला शॉक लागू नये म्हणून ऑन-ग्रिड, म्हणजे कंपनीच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टर आपणहून बंद होतो, बिघाड नाही तो. बॅटरीवालं हायब्रिड घेतलं तर चालतं पण खर्च खूप वाढतो आणि आपल्याकडे एरवी लाइट जाते तरी किती, त्यामुळे मला ते पटलं नाही. इन्व्हर्टर मात्र मीटरशेजारी खाली लावू देऊ नका. आमचा पहिल्या मजल्याच्या जिन्यापाशी आहे, गल्लीत ज्यांचे खाली होते त्यांना पुरानंतर पाणी गेलेले डबे उघडून बसावं लागलं.

बसवणाऱ्याबद्दल आता स्पष्टच. काम येईपर्यंत फोन पहिल्या रिंगला उचलायचे, पोर्टलवरचा अर्ज, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली दोन्ही वीज मोजणारा), सबसिडीचा क्लेम सगळं त्यांनीच केलं, आम्हाला कुठे जावं लागलं नाही, सबसिडीही मीटर लागल्यावर महिन्याच्या आत आली. पण शेवटचा चेक गेला आणि आवाजच बदलला. इन्व्हर्टरचा वायफाय डोंगल बंद पडला तर ‘माणूस पाठवतो’ म्हणून आठवडे काढले, मोबाइलवर युनिट दिसेना, शेवटी भाच्याने यूट्यूब बघून रीसेट केला. योजनेत रजिस्टर असलेल्या वेंडरला पाच वर्षं देखभाल करावी लागते, ते कागदावर घेतलेलं होतं म्हणून निदान तो कागद व्हॉट्सअॅपवर टाकल्यावर माणूस आला. पेमेंटचे थोडे पैसे नेट मीटर लागून युनिट मोजायला लागेपर्यंत हातात ठेवा, आणि ‘सबसिडी आल्यावर आम्हाला द्या, त्याचा चेक आत्ताच देऊन ठेवा’ म्हणणारा असला तर दुसरा बघा. कामाला चार, नंतरच्या सर्व्हिसला दोन, सरासरी तीन स्टार.

धुणं आपल्यालाच करायचंय. सकाळी लवकर, गरम काचेवर गार पाणी नको, आणि बोअरचं पाणी तर अजिबात नको, वाळलं की पांढरे डाग बसतात ते कापडाने घासूनही निघत नाहीत. आम्ही कॉर्पोरेशनच्या पाण्याची एक नळी वर नेली. पॅनेलखाली कबुतरं घरटी करतात त्याला जाळी लावून घ्या, बसवतानाच सांगितलं तर स्वस्तात होते.

फ्लॅटवाल्यांनी मात्र हे वाचून घाई करू नये. गच्ची सगळ्यांची असते, एकट्याने बसवायचं तर सोसायटीची लेखी परवानगी लागते आणि तिथे वर्षानुवर्षं भांडणं चालतात. त्यापेक्षा लिफ्ट, पंप, जिन्याच्या दिव्यांसाठी सोसायटीच्या नावावर बसवा, त्याला वेगळी सबसिडी आहे, किलोवॅटला १८,०००, आणि मेंटेनन्समधली वीज कमी झाली की विरोध करणारेही जनरल मीटिंगला हात वर करतात, आमच्या जाऊबाईंच्या मांजलपूरच्या सोसायटीत तसंच झालं.