छोट्या गाडीत रनफ्लॅट की स्टेपनी? १४ महिने दोन्ही वापरून बघितल्यावर

आमची गाडी छोटी हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना, टायर १९५/५५ आर १६. गेल्या १४ महिन्यांतले पहिले ९ महिने रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी चालणारे टायर लावून स्टेपनी घरी काढून ठेवली होती, आणि आता ५ महिने झाले परत साधे ट्यूबलेस आणि डिक्कीत स्टेपनी असं चालू आहे. दोन्हीकडे पंक्चर झालंय, दोन्हीकडे रस्त्यात अडकून झालंय, म्हणून म्हटलं आता सविस्तर लिहायला हरकत नाही.

आधी हे कशासाठी केलं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. आईला चालता येत नाही, व्हीलचेअर लागते. छोट्या गाडीच्या डिक्कीत घडी केलेली व्हीलचेअर टाकली की एक बॅगसुद्धा धड बसत नाही. स्टेपनी काढली आणि डिक्कीचा तळाचा फळा काढला की खालचा खड्डा मोकळा होतो, खुर्चीची चाकं त्यात उतरतात आणि वर चांगली हातभर जागा मिळते. हे एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं होतं. चाक बदलायचं म्हणजे गाडी जॅकवर चढवायची आणि जॅकवर चढवायची म्हणजे आतली माणसं खाली उतरवायची, त्यात सूट नाही. रात्री, पावसात, रस्त्याच्या कडेला आईला उचलून खाली घ्यायचं ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. रनफ्लॅट म्हणजे हवा गेली तरी गाडी चालते, थांबायचं कुठे ते आपण ठरवायचं. एवढ्या एका वाक्यावर मी टायर घेतले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रनफ्लॅटच्या साइडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत, आतून कडक रबराचा जाड थर असतो, त्यामुळे हवा शून्य झाली तरी टायर पूर्ण खाली न बसता गाडीचं वजन पेलतो. बहुतेक कंपन्या ८० किलोमीटरपर्यंत आणि ताशी ८० च्या आत चालवा असं सांगतात, गाडी भरलेली असेल तर त्याहून कमीच धरायचं. टायरवर कंपनीप्रमाणे खूण वेगवेगळी असते, ब्रिजस्टोनची आरएफटी, मिशेलिनची झेडपी, कॉन्टिनेंटलची एसएसआर, गुडइयरची आरओएफ. कल्पना काही नवी नाही, १९७० च्या दशकात मिनी १२७५ जीटी ह्या एवढ्याशा गाडीला डनलॉपचे डेनोव्हो नावाचे, हवा गेली तरी चालणारे टायर मिळायचे, आणि १९९७ च्या कॉर्व्हेट ह्या अमेरिकी स्पोर्ट्स कारने तर रनफ्लॅटच्या भरवशावर स्टेपनी काढूनच टाकली. छोट्या गाड्यांची अडचण अशी की १३-१४ इंची साइजमध्ये रनफ्लॅट जवळजवळ मिळतच नाहीत. आमची साइज नव्या मिनीलाही येते म्हणून मला मिळाले.

आणि टीपीएमएस, म्हणजे हवा कमी झाली की डॅशबोर्डवर सांगणारी यंत्रणा, ती रनफ्लॅटबरोबर असलीच पाहिजे. साइडवॉल इतकी कडक असते की हवा गेल्याचं स्टिअरिंगला नीट कळतच नाही, माणूस बिनधास्त ताशी १०० ने पळवत राहील. आमच्या गाडीत ती नव्हती, मी चारही चाकांत व्हॉल्व्हला आतून जोडलेले सेन्सर बसवून घेतले. ह्या सेन्सरांबद्दल पुढे परत बोलणार आहे, लक्षात ठेवा.

रोजच्या चालवण्यात काय फरक पडला तर पहिल्या दिवशी वळणावर गाडी एकदम घट्ट वाटली, स्टिअरिंग लगेच ऐकतं, छान वाटलं. मग पहिला खड्डा आला. छोट्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, आखूड, सस्पेन्शन साध्या टायरसाठी बनवलेलं, त्यात टायर जड आणि कडक, त्यामुळे जो धक्का आधी टायर गिळायचा तो सरळ सीटमध्ये येतो. मला चालून गेलं असतं पण आईच्या कमरेला नाही चाललं. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "अरे, गाडीचं काही बिघडलंय का बघ ना." बिघडलं काही नव्हतं. तिच्यासाठी पाठीला जाड उशी घेतली, वेग कमी केला, पण त्रास गेला नाही. ज्या गाड्या कंपनीतूनच रनफ्लॅटवर येतात त्यांचं सस्पेन्शन त्या हिशोबानं लावलेलं असतं, काहींच्या रिमलासुद्धा आतून जास्त उंचवटा असतो म्हणजे हवा नसताना टायरची कड घसरून आत येऊ नये. आमच्यासारखं नंतर बसवायचं असेल तर गाडीच्या कंपनीला विचारल्याशिवाय करू नका, मी विचारलं ते टायर लावून झाल्यावर, आधी विचारायला हवं होतं.

आता पहिलं पंक्चर. चौथा महिना, रात्रीची वेळ, बारीक पाऊस, अरुंद पूल, दोन्ही बाजूला थांबायला वीतभर जागा नाही आणि मागे ट्रक. टीपीएमएस वाजलं, मागचं उजवं चाक २४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाखवत होतं, बघता बघता १४, मग ६, मग शून्य. मी हॅझर्ड लावले, वेग ५० वर आणला आणि चालवत राहिलो. घर ३५ किलोमीटरवर होतं. मागून हलकी घरघर येत होती, वळणावर मागची बाजू थोडी जड वाटत होती, बाकी काही नाही. घराखाली येऊन थांबलो, आईला नेहमीसारखं खुर्चीत बसवून वर नेलं. त्या रात्री कोणी मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं डोळे मिटून रनफ्लॅट घ्या.

दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात गेलो. साध्या पंक्चरवाल्यानं हात लावायला नकारच दिला, ही साइडवॉल रिमवरून काढायला चांगलं मशीन लागतं नाहीतर रिम नाहीतर सेन्सर तुटतो. दुकानातल्या काकांनी टायर काढला, उभा धरून आपटला, तर आतून काळा भुसा पडला, पेन्सिलीला टोक काढल्यावर पडतो तसा पण रबराचा, चांगली मूठभर. मग बॅटरी लावून आतली साइडवॉल दाखवली, गोल फिरत गेलेली घासल्याची रेघ, त्या जागी रबर खरखरीत आणि बोटाला मऊ. भोक म्हणाल तर ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, एका जाड खिळ्याचं, साध्या टायरचं असतं तर आतून पॅच मारून १५ मिनिटांत काम झालं असतं. काका म्हणाले, "बाहेरून काही दिसत नाही दादा, पण आतून भाजलाय हा, मी नाही काढणार ह्याचं पंक्चर." ते बरोबरच होतं, हवेशिवाय चाललेला रनफ्लॅट दुरुस्त करायचा की नाही यावर कंपन्यांचं एकमत नाही, पण आत अशी रेघ आली असेल तर तो टायर टाकायचा. म्हणजे एका खिळ्यापायी अख्खा टायर गेला, नवा मागवायला लागला, तोपर्यंत गाडी उभी.

तरी मी चालू ठेवलं. नवव्या महिन्यात घरापासून जवळजवळ ३०० किलोमीटरवर खड्ड्याच्या धारदार कडेवर पुढचं डावं चाक आपटलं, साइडवॉलला बोटभर कट. संध्याकाळ होती. २२ किलोमीटर चालवत जवळच्या गावात पोचलो, तिथपर्यंत रनफ्लॅटनं परत इमानानं साथ दिली. पण पुढे काय? तीन दुकानं फिरलो. आमच्या साइजचा साधा टायर तिन्ही ठिकाणी होता, रनफ्लॅट एकाकडेही नाही, मागवला तर दोन दिवस. एक साधा आणि तीन रनफ्लॅट असं मिसळून चालवायचं नसतं, गाडीचा तोल डावीउजवीकडे वेगळा होतो, आणि स्टेपनी तर घरी. गाडी पूर्ण भरलेली, आई बरोबर, तिची औषधं मोजून आणलेली. ८० किलोमीटरची मुभा असते ना, ती शहरात भरपूर वाटते, पण ३०० वर तिचा उपयोग फक्त पुढच्या गावापर्यंत. दोन दिवस लॉजवर काढले. आई एक शब्दही बोलली नाही पण तिला अनोळखी बाथरूममध्ये किती त्रास होतो ते मला दिसत होतं. परत आल्यावर त्याच आठवड्यात चारही टायर साधे लावले.

मग स्टेपनी. माळ्याखालून काढली तर हवा १८ पीएसआय, आणि साइडवॉलवर शेवटचे चार आकडे १४१६, म्हणजे २०१६ सालचा १४ वा आठवडा. ट्रेडवर अजून रबराचे बारीक केस तसेच, एकदाही रस्त्याला न लागलेली, पण बाजूला नखानं दाबलं की सूक्ष्म भेगा उघडत होत्या. लोकांना वाटतं न वापरलेला टायर नवाच असतो, तसं नाही, रबर नुसतं पडूनही म्हातारं होतं. आपापल्या स्टेपनीवरचे ते चार आकडे आजच बघून या.

ती टाकली आणि आमच्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलला येणारी बारीक स्टेपनी घेतली, साइजच्या आधी टी लिहिलेलं असतं ती, टी म्हणजे तात्पुरती. हिच्यात हवा ६० पीएसआय भरायची, चुकून बाकीच्या चाकांसारखी ३३ भरू नका, आणि ताशी ८० च्या वर जायचं नाही. वजनाला हलकी, एका हातानं बाहेर येते. आणि एक गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती, हिची रिम वर तोंड करून ठेवली की मध्ये जो खळगा राहतो त्यात व्हीलचेअरचे सुटे होणारे दोन्ही पायठेवे आणि जॅक बरोब्बर बसतात. जागेचा निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

ही बारीक स्टेपनी पुढच्या चाकाला लावायची नाही, निदान फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये तरी. तिचा घेर लहान, म्हणून पुढची दोन चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरतात आणि डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा गिअरचा भाग, सतत काम करत तापतं, ब्रेकिंगही बिघडतं. पुढचं पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आणायचं आणि स्टेपनी मागे लावायची, म्हणजे जॅक दोनदा लावायचा. मी हे एकदा केलंय, पार्किंगमध्ये, दिवसा, एकटाच होतो, तरी ५० मिनिटं गेली. त्यातली २० नुसती नट सोडवण्यात, कारण आधीच्या दुकानात एअर गननं इतके आवळले होते की गाडीबरोबरचा छोटा पाना वाकायला लागला. आता लांब दांड्याचा ओढून वाढणारा पाना ठेवलाय. नट आधी चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, समोरच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावायचा आणि मगच जॅक, आणि नट निघाले तरी चाक हबला, म्हणजे मधल्या बैठकीला, गंजून चिकटलेलं असेल तर दोन नट चार आटे ठेवून टाचेनं टायरला मागून पुढून ढकलायचं, सुटतं.

आता ते सेन्सर. रनफ्लॅट काढले तेव्हा सेन्सर मी साध्या टायरमध्ये परत बसवून घेतले, आणि गेल्या ५ महिन्यांत माझं मत सगळ्यात जास्त बदललं ते ह्याच्यामुळे. ९ महिने मला जो निवांतपणा वाटत होता त्याचं श्रेय मी टायरला देत होतो, पण त्यातला मोठा वाटा सेन्सरचा होता. ट्यूबलेसमध्ये खिळा बहुतेक वेळा आत रुतून बसतो आणि हवा हळूहळू जाते, वेळेत कळलं तर हातात बराच वेळ असतो. गेल्या महिन्यात रात्री आईला घेऊन येताना मागचं चाक ३३ वरून २७ वर आलं, पेट्रोल पंप ४ किलोमीटरवर होता, तिथल्या उजेडात थांबलो, १२ व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर लावून सहा-सात मिनिटांत हवा भरली, आई जागेवरच बसून होती, आणि घरी आलो. सकाळी चाकात स्क्रू निघाला, पंक्चर काढलं, टायर आजही चालू आहे. सीलंटची, म्हणजे भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाची, बाटली मी ठेवत नाही, तिची मुदत संपते, ट्रेडमधल्या बारीक भोकांनाच चालते आणि साइडवॉलच्या कटाला तिचा काहीच उपयोग नाही.

एकट्यानं रात्रीबेरात्री शहरातच गाडी चालवणारं कोणी असेल, गाडी कंपनीतूनच रनफ्लॅटवर आली असेल आणि तो टायर गावात मिळत असेल, तर मी त्याला काढा असं म्हणणार नाही, त्या पुलावरची रात्र मी विसरलेलो नाही. पण छोटी गाडी, साधं सस्पेन्शन, भरलेली माणसं आणि लांबचा प्रवास असेल तर माझं मत स्टेपनी, टीपीएमएस आणि कॉम्प्रेसर, तिन्ही मिळून.

साइडवॉल फाटली तर मात्र आईला उतरवावं लागणारच, त्याला उपाय नाही. म्हणून आता डिक्की भरताना व्हीलचेअर सगळ्यात शेवटी, सगळ्याच्या वर ठेवतो. स्टेपनी काढायला डिक्की रिकामी करावीच लागते, तेव्हा पहिली खुर्ची बाहेर येते, आधी आईला रस्त्यापासून लांब नेऊन तिच्यात बसवायचं, मग बॅगा, मग स्टेपनी. घराखाली दोघांनी मिळून दोनदा करून बघितलं, दुसऱ्या वेळी ४ मिनिटांत आई खुर्चीत होती.